खडीच्या वाटेने पोद्लाशे

चाकाखालची माती : भाग सहावा

पोद्लाशेतल्या एखाद्या गावच्या सोव्तिसला, म्हणजे आपल्याकडच्या सरपंचाला, विचारा: गावात डांबर अजून आलं नाही, हे त्याचं जुनं दुखणं असतं. उन्हाळ्यात ट्रॅक्टर गेला की वाळत घातलेल्या कपड्यांवर धूळ, मार्चमध्ये बर्फ वितळला की घोटाभर चिखल. त्याच रस्त्यासाठी वॉर्साहून माणसं रेल्वेत सायकली चढवून येतात आणि वाटेत डांबर लागलं तर चार किलोमीटरचा वळसा घालून पुन्हा खडीवर उतरतात. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. मागच्या भागात ग्रॅव्हल, म्हणजे खडीवर चालवायच्या सायकलीबद्दल पुरेसं बोलून झालं. आज सायकलीपेक्षा रस्त्याबद्दल, आणि हा रस्ता असा का राहिला त्याबद्दल.

पोद्लाशे हा पोलंडचा ईशान्य कोपरा. एका अंगाला लिथुआनिया, दुसऱ्या अंगाला बेलारूस, आणि बियाविस्तोक ही प्रांताची राजधानी. डोंगर जवळजवळ नाहीतच. दख्खनचा मुरूम म्हणजे जागच्या जागी झिजलेला आपलाच कातळ. इथली वाळू आणि गोटे मात्र बाहेरून आलेले. हिमयुगात स्कँडिनेव्हियाकडून सरकत आलेल्या बर्फाच्या थरांनी तिकडचा ग्रॅनाइट फोडून, घासून, गोल करून इथे आणला, आणि बर्फ मागे हटला तेव्हा तो इथेच टाकला. त्यामुळे कुठेही कुदळ मारा, खाली वाळू, गोटे, नाहीतर दोन्ही. शेतकऱ्याने नांगराला अडणारे धोंडे पिढ्यानपिढ्या बांधावर रचले आणि त्यातलेच घेऊन गावातला रस्ता फरसबंद केला. या ओबडधोबड फरसबंदीला पोलिश लोक मांजरांची डोकी म्हणतात. तीवरून सायकल नेली की दात एकमेकांवर आपटतात. अनुभवी स्वार कडेच्या मातीच्या वीतभर पट्टीवरून जातो, आणि ती पट्टी किती गुळगुळीत झाली आहे यावरून गावात किती सायकली आहेत ते कळतं.

पण खडी मिळाली म्हणून रस्ता खडीचाच राहतो असं नाही. त्यासाठी इतिहासाचीही साथ लागते. अठराव्या शतकाच्या अखेरीस प्रशिया, ऑस्ट्रिया आणि रशियाने पोलंड वाटून घेतला. बियाविस्तोकचा मुलूख आधी प्रशियाकडे गेला आणि १८०७ मध्ये रशियाकडे आला. प्रशियाने आपल्या वाट्याच्या पश्चिम पोलंडात रेल्वेचं दाट जाळं विणलं. रशियाच्या वाट्याला ते विरळच राहिलं. पोलंडचा रेल्वे नकाशा आजही पाहिला तर ती जुनी फाळणी त्यात दिसते. पुढे १९१५ मध्ये जर्मन सैन्य पुढे सरकलं तेव्हा इथली ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती गावंच्या गावं रशियात निघून गेली. अनेक जण काही वर्षांनी परतले, अनेक परतलेच नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत सीमा इथून गेली आणि पूर्वेकडे जाणारे रस्ते कुंपणापाशी संपू लागले. जो रस्ता पुढे कुठेच जात नाही, त्याच्या डांबराची घाई कोणाला असणार? २००४ मध्ये पोलंड युरोपीय संघात आला, निधी आला, बरंच डांबरही आलं. तरी आडगावांना जोडणाऱ्या झ्विरूफ्का, म्हणजे खडीच्या सडका, पुष्कळ उरल्या आहेत.

ग्रॅव्हलवाल्यांचे सर्वांत आवडते रस्ते मात्र गावाचे नाहीतच, ते वनखात्याचे आहेत. पोलंडची बहुतेक जंगलं सरकारी वनसंस्थेच्या ताब्यात आहेत. लाकडाचे ट्रक आणि आगीचे बंब आत शिरावेत म्हणून ही संस्था जंगलातल्या ठरावीक वाटा खडी टाकून, दाबून, कायम चालू ठेवते. वळणावर फलक असतो: अग्निशमन मार्ग क्रमांक अमुक. या वाटांवर खाजगी मोटारींना सहसा बंदी, सायकलीला मुभा. म्हणजे रुंद, घट्ट रस्ता, दोन्हीकडे पाइन आणि स्प्रूस, आणि तासभर एकही गाडी नाही. सायकलस्वारासाठी म्हणून मुद्दाम बांधलेल्या मार्गांपेक्षा हा योगायोग मला जास्त पटतो.

मुद्दाम बांधलेला मार्गही आहे. ग्रीन व्हेलो हा पूर्व पोलंडच्या पाच प्रांतांतून जाणारा २००० किलोमीटरहून लांब सायकलमार्ग युरोपीय निधीतून झाला आणि २०१५ मध्ये खुला झाला. नारिंगी पाट्या, विसाव्याचे मांडव, सगळं नीटनेटकं. पण त्याचा बराच भाग डांबरी आहे. हा मार्ग कण्यासारखा वापरायचा आणि फासळ्या आपण शोधायच्या, हा इथल्या सायकलवाल्यांचा रिवाज योग्य आहे.

सुरुवात बियाविस्तोकपासून. एस्पेरांतो भाषा रचणारे झामेनहोफ १८५९ मध्ये याच शहरात जन्मले, आणि पोलिश, यिद्दिश, रशियन, जर्मन एकाच बाजारात ऐकू येणाऱ्या गावातल्या मुलाला सामाईक भाषा सुचावी यात नवल नाही. निघण्याआधी सायबेरियाच्या स्मृतींचं संग्रहालय पाहावं. ते २०२१ मध्ये उघडलं. १९४० पासून सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडातून लाखो माणसं मालगाड्यांत कोंबून सायबेरिया आणि कझाकस्तानात नेली, त्यांची ही कहाणी. त्यातून सुटलेल्यांपैकी सुमारे पाच हजार जण, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिले. मराठी माणसाला या कोपऱ्याशी नातं जोडायला एवढा धागा पुरे.

शहराबाहेर पडताच क्निशिनचं जंगल लागतं आणि त्याच्या कुशीत सुप्राश्ल. सोळाव्या शतकात उभं राहिलेलं इथल्या मठाचं किल्ल्यासारखं चर्च माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने १९४४ मध्ये उडवून दिलं; आज दिसतं ते पुन्हा बांधलेलं. गावात किसलेल्या बटाट्याची भाजलेली बाब्का मिळते. पोटभर खावी, कारण पुढे क्रिंकीपर्यंत दुकानांचा भरवसा नाही. क्रिंकीच्या चौकात बारा रस्ते मिळतात. युद्धाआधी या गावात निम्म्याहून अधिक वस्ती ज्यूंची होती आणि कातडी कमावण्याचे कारखाने होते. आता सिनेगॉगचे अवशेष आहेत आणि एवढ्या मोठ्या चौकाला न शोभणारी शांतता.

क्रिंकीच्या दक्षिणेला क्रुशिन्यानी. १६७९ मध्ये राजा यान सोबिएस्कीने आपल्या सैन्यातल्या तातार मुसलमानांना थकलेल्या पगाराच्या बदल्यात इथे जमिनी दिल्या. त्यांची लाकडी मशीद अजून उभी आहे: हिरवा रंग, दोन बुटके मनोरे, लांबून पाहिली तर खेड्यातलं चर्च वाटावी, कारण बांधणारे सुतार चर्चच बांधत आलेले. मागे टेकाडावर पाइनच्या सावलीत दफनभूमी. तातार कुटुंबं आता मोजकी उरली आहेत, पण त्यांचा प्येरेकाचेव्हनिक टिकून आहे: पातळ लाटलेल्या पिठाचे सहा थर, त्यात सारण, वेटोळं घालून भट्टीत भाजलेलं. इथे येणारे बरेच सायकलवाले खरं तर त्यासाठीच येतात आणि मशिदीचं नाव सांगतात.

इथपर्यंत आलात की रस्त्याचे दोन स्वभाव कळलेले असतात. एक, आडव्या लाटा. खडीवर पत्र्याच्या पन्हाळीसारख्या लाटा उठतात. एका ठरावीक वेगाच्या पुढे चाक छोट्याशा उंचवट्यावरून उडतं, पुढे आदळून खड्डा करतं, मागची गाडी त्याच खड्ड्यातून उडते; खरवडून सपाट केलेला रस्ता काही आठवड्यांत पुन्हा तसाच. उपाय एकच, रस्त्याच्या अगदी कडेने जायचं. दुसरा स्वभाव वाळूचा, आणि तो जास्त वाईट. खडी संपून मऊ वाळू कुठे सुरू होते ते नकाशावर दिसत नाही. वाळू दिसली की आधीच हलका गिअर टाकायचा, वजन मागे घ्यायचं, हँडल सैल धरायचं आणि पाय थांबवायचे नाहीत. ब्रेक दाबला की पुढचं चाक रुतलंच. टायर ४० मिलिमीटरपेक्षा बारीक नको, ४५ ते ५० असेल तर उत्तम. आणि हवा कमी ठेवायची. रोड सायकलीची सवय असलेले लोक टायर दगडासारखा कडक करून येतात आणि संध्याकाळी मनगटं चोळत बसतात.

क्रुशिन्यानीपासून बेलारूसची हद्द जवळ आहे. दक्षिणेकडे सियेम्यानुव्काच्या धरणापर्यंत आणि तिथून बियावोव्येझाच्या जंगलात जाताना ती कायम डावीकडे राहते. २०२२ मध्ये पोलंडने या सीमेवर साडेपाच मीटर उंचीची पोलादी भिंत उभारली. जून २०२४ पासून सीमेलगतच्या काही भागांत प्रवेशबंदीचा पट्टा आखला गेला, कुठे २०० मीटर रुंद, जंगलात कुठे २ किलोमीटरपर्यंत, आणि त्याची मुदत वेळोवेळी वाढवली गेली. म्हणून जुना ट्रॅक डाउनलोड करून डोळे झाकून निघायचं नाही. सीमारक्षक दलाची ताजी सूचना पाहायची आणि पासपोर्ट जवळ ठेवायचा. फोन बेलारूसचं नेटवर्क पकडतो, ते युरोपीय संघाच्या रोमिंगमध्ये बसत नाही, बिल भरमसाट येतं. रोमिंग बंद करा आणि नकाशा आधीच उतरवून घ्या.

बियावोव्येझाच्या अरण्याला १९७९ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा ठरवलं. युरोपीय गवा, पोलिशमध्ये झुब्र, इथे १९१९ मध्ये जंगलातून संपला. प्राणिसंग्रहालयांतून उरलेल्या जनावरांपासून वंश वाढवून १९५२ मध्ये तो पुन्हा रानात सोडला. आज त्यांची संख्या शेकड्यांत आहे, आणि पहाटे खडीच्या वाटेवर तो समोर उभा राहू शकतो. उभा राहिला तर आपण थांबायचं. वाट त्याची आहे. जंगलाचे रशियन काळात वर्स्टच्या मापाने, म्हणजे जवळपास १.०७ किलोमीटरचे, चौकोन पाडले गेले, आणि चौकोनांच्या कोपऱ्यांवर क्रमांक लिहिलेले खांब आहेत. मोबाइल बंद पडला तर खांबापाशी जायचं: सर्वांत लहान दोन आकड्यांमधली कड उत्तर दाखवते.

मुक्कामाचं म्हणाल तर वनसंस्थेने १ मे २०२१ पासून ठरावीक जंगलपट्ट्यांत तंबू टाकायला परवानगी दिली आहे. नऊपर्यंत माणसं आणि दोन रात्री असतील तर कळवायचीही गरज नाही. पट्टे आधी नकाशावर पाहून घ्यावेत. राष्ट्रीय उद्यानात मात्र ही सवलत नाही. गोचिडीची भीती खरी आहे: गोचिडीपासून होणाऱ्या मेंदूज्वराचं प्रमाण पोलंडात या प्रांतात सर्वाधिक असतं. लस मिळते, पण ती वेळेत, काही आठवडे आधी सुरू करावी लागते.

परतीला जंगलाच्या कडेच्या हायनुव्काहून उत्तरेकडे नारेव नदीच्या काठाने या. त्शेश्चांका, सोत्से आणि पुख्वी या तीन गावांत लाकडी घरांच्या खिडक्यांभोवती कोरीव झडपा आहेत, पांढऱ्या, निळ्या, हिरव्या. प्रदेशाचं नावच उघड्या झडपांचा मुलूख असं पडलं आहे. हे कोरीवकाम १९१५ च्या निर्वासितांनी रशियातून परतताना आणलं असं सांगतात. त्शेश्चांकाचं चर्च हिरवं, पुख्वीचं निळं. घरं सुंदर आहेत आणि अर्धी बंद आहेत. तरुण बियाविस्तोकला, वॉर्साला, ब्रसेल्सला गेले. धूळ सोसायला म्हातारी माणसं मागे राहिली. म्हणून गावातून जाताना वेग कमी करावा, आणि बाकावरच्या आजीला दोब्री, म्हणजे नमस्कार, म्हणावं.

रविवारी निघणार असाल तर शनिवारीच खाणं भरून घ्या. पोलंडात २०१८ पासून रविवारची दुकानबंदी टप्प्याटप्प्याने लागू झाली. मालक स्वतः गल्ल्यावर असेल तर छोटं दुकान उघडं राहू शकतं, पण आडगावात त्यावर विसंबू नये. वॉर्साला परतताना रेल्वेत सायकलीचं वेगळं तिकीट लागतं आणि जागा मोजक्या असतात. उन्हाळ्यात रविवार संध्याकाळच्या गाड्यांत त्या लवकर भरतात, तेव्हा परतीचं आरक्षण निघण्याआधीच करा.

पुढच्या आठवड्यात ब्येब्झाची दलदल, आणि किल्ल्यांना जोडण्यासाठी बांधलेली त्सारची सडक. तिथे डांबर आहे, तरी जायचं.