मास्टर स्टोन

मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या भारत डायमंड बोर्समध्ये पुडी उघडली की वजनाच्या जोडीने रंगाचं एक अक्षर बोललं जातं: डी, एफ, जी, एच. त्या एका अक्षराने भाव कितीतरी खालीवर होतो. प्रयोगशाळेत आता यंत्रंही आहेत. तरी त्या अक्षराचा मूळ आधार म्हणजे मास्टर स्टोन. रंग आधीच पक्का ठरवलेले हे हिरे पांढऱ्यापासून पिवळटाकडे ओळीने मांडलेले असतात.

बहुतेक हिऱ्यांत पिवळी झाक येते ती नायट्रोजनमुळे. कार्बनच्या जाळीत शिरलेले त्याचे अणू विशिष्ट रचनेत एकत्र आले की जांभळा-निळा प्रकाश शोषतात आणि डोळ्यांना पिवळेपणा जाणवतो. नायट्रोजन जवळजवळ नसलेले हिरे फार थोडे. कृष्णेकाठच्या कोल्लूर खाणीतला मानला जाणारा कोहिनूर त्यांपैकीच.

पूर्वी व्यापारी आपापल्या सोयीने 'ए', 'डबल ए', 'ट्रिपल ए' म्हणत; कुणी 'रिव्हर', 'केप' अशी नावं लावत. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या जीआयए या संस्थेत रिचर्ड लिडिकोट आणि सहकाऱ्यांनी नवी मोजपट्टी बांधली. जुन्या अक्षरांशी घोटाळा नको म्हणून ती डीपासून सुरू करून झेडपर्यंत नेली. डी ते एफ रंगहीन, जी ते जे जवळपास रंगहीन.

तपासणी बघण्यासारखी असते. स्वच्छ केलेला हिरा पांढऱ्या तबकात पालथा ठेवतात, कारण सुलट्या हिऱ्याची चमक रंग झाकते. वर दिवसाच्या उजेडासारखा ठरावीक दिवा. मग हिरा एकेका मास्टरशेजारी सरकवत न्यायचा. जीआयएच्या पद्धतीत प्रत्येक मास्टर आपल्या प्रतीची सर्वांत पांढरी कड दाखवतो. म्हणून जी मास्टरपेक्षा किंचित पिवळा, पण एच मास्टरपेक्षा पांढरा हिरा जी ठरतो. यात डोळा हमखास फसतो. दोन हिरे अगदी एका रंगाचे असले तरी एका बाजूचा गडद वाटतो. म्हणून तपासणारा हिरा उचलून मास्टरच्या दुसऱ्या बाजूला ठेवतो. गडदपणा हिऱ्यासोबत न जाता त्याच बाजूला राहिला, तर दोघांचा रंग एकच. ही शिस्त मला फार मोलाची वाटते: माणसाच्या नजरेवर विश्वास, पण तिची उलटतपासणी करूनच.

डी आणि ई यांतला फरक अंगठीत जडल्यावर घरच्यांना दिसणारच नाही. पिवळ्या सोन्यात बसवायचा असेल तर एच किंवा आय घ्यावा आणि वाचलेले पैसे चांगल्या कटवर घालावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. जडवलेल्या हिऱ्यात धातूचा रंग मिसळतो, त्यामुळे नेमकी प्रत सांगता येत नाही. तेव्हा हिरा सुटा असतानाच बघायला मागा, पांढऱ्या कागदावर पालथा, शेजारी दुसरा हिरा ठेवून.