राजा गेला, राज्य राहिलं

कंपासपेटीतली पट्टी काढा पाहू. इंग्रजीत तिला 'रूलर' म्हणतात. आणि राज्य करणाऱ्यालाही 'रूलर'च! रेघा मारायच्या पट्टीचं आणि राजाचं नातं कसलं?

आहे, चांगलं सख्खं नातं आहे. संस्कृत, लॅटिन, जर्मन या भाषा वेगळ्या होण्याआधी, हजारो वर्षांपूर्वी, त्यांची एक आजीभाषा होती, असं भाषेचे अभ्यासक मानतात. तिच्यातल्या एका धातूचा अर्थ होता सरळ करणं, सरळ नेणं. त्यातूनच संस्कृतातला 'ऋजु' आला, म्हणजे सरळ, आणि इंग्रजीतला 'रूलर'ही. लोकांना सरळ नेणारा तो लॅटिनमध्ये 'रेक्स' आणि आपल्याकडे 'राजा'. जर्मनांच्या पूर्वजांनी याच घराण्यातला शब्द शेजारच्या केल्ट लोकांकडून उचलला. त्याचा झाला 'राइश', म्हणजे राज्य. (शेवटचा आवाज धड 'श' नाही, धड 'ख' नाही, मांजर फिसकारतं तसं करून बघा.) ऑस्ट्रियाला जर्मन लोक म्हणतात 'ओस्टरराइश', पूर्वेकडचं राज्य. तुमच्या वर्गात कुणी राऊत असेल, तर त्याला सांगा, 'राजपुत्र' झिजून झिजून तुझं आडनाव झालंय. म्हणजे तोही राइशचा लांबचा भाऊबंद!

आता खरी गंमत. 1918 साली जर्मनीचा कैसर, म्हणजे सम्राट, गादी सोडून गेला. देशात लोकशाही आली, तरी देशाचं नाव 'राइश'च राहिलं. पुढे हिटलरने त्या शब्दाला असा काळिमा फासला, की 1949 मध्ये नव्या पश्चिम जर्मनीने तो नावातून काढूनच टाकला. शासनव्यवस्थेसाठी जर्मनांकडे दुसरा शब्द आहे, 'श्टाट'. तो लॅटिनमधल्या 'उभं राहणं' या अर्थाच्या शब्दावरून आला. आपला 'स्था' त्याचाच भाऊ, आणि 'स्था'वरूनच 'संस्थान'.

कैसरनंतरच्या जर्मनीत राजा नाही आणि म्हणे राज्य! हसू नका, आपणही तेच करतो. मध्य प्रदेशातला पांढुर्णा-सौंसरचा मुलूख बघा ना. घरात मराठी, बागेत संत्री. इथे आधी देवगडच्या गोंड राजांचं राज्य होतं, मग नागपूरकर भोसल्यांचं. तिसरे रघूजी भोसले 1853 मध्ये वारले. वारस नाही असं म्हणून इंग्रजांनी त्यांचं राज्य खालसा केलं. राजे संपले.

समजा, एक आजी 1948 साली पांढुर्ण्यात जन्मली. तेव्हा पत्ता होता तहसील सौंसर, जिल्हा छिंदवाडा, मध्य प्रांत व वऱ्हाड. ती पाळण्यातून उतरून दुडुदुडु धावते तोवर, 1950 मध्ये, प्रांताचं झालं 'मध्य प्रदेश' राज्य. राजधानी मात्र नागपूरच. 1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भ मुंबई राज्यात गेला, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला, आणि आजीची राजधानी एका रात्रीत भोपाळला गेली. 2023 मध्ये तर पांढुर्णा स्वतःच जिल्हा झाला, सौंसरला पोटात घेऊन. ज्या सौंसर तहसिलीत आजी जन्मली, तीच आता तिच्या गावाच्या जिल्ह्यात!

"आजी, मग तुमचा राजा कोण होता?"

"राजा कुठला रे बाबू? आमच्या वेळी तहसीलदार होता!"

नातीच्या लग्नाचं लुगडं घ्यायला मात्र आजी अजूनही नागपूरचीच गाडी धरते.