कमळाची घडी

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आमच्या जालन्याच्या घरी लाह्या-बत्तासे वाटीत ठेवीत नसत. त्यासाठी कागदाचे एक गुलाबी कमळ असे. ना कात्री, ना खळ. एका चौकोनी कागदाच्या नुसत्या घड्या! ते कमळ दादा करीत.

दादा म्हणजे माझे वडील. गावातल्या एका दवाखान्यात ते कंपाउंडर होते. आजच्या मुलांना चकचकीत पट्टीतल्या गोळ्या ठाऊक. औषधाची पुडी त्यांनी पाहिलेली नाही. खलात घोटलेली पूड कागदाच्या तुकड्यांवर सारखी वाटायची, कडा जुळवून दुमडायच्या आणि एक टोक दुसऱ्याच्या खिशात सारायचे. पुडी खिशातून चार कोस गेली तरी कणभर औषध सांडत नसे. दादांचे हात हे काम न पाहता करीत. तोंडाने रोग्याची चौकशी चालूच असे, "काय पाटील, कपाशी काय म्हणते औंदा?" सुईला भिऊन रडणाऱ्या पोरासाठी उरलेल्या कागदाची होडी नाही तर दौत होई, आणि रडे थांबे.

हे सारे मी शिकलो का? छे! कागदाचे खेळ ते काय शिकायचे, असा माझा तोरा. पुढे मी बँकेत लागलो, पुण्याला बिऱ्हाड केले. दादा होते तोवर दर दिवाळीला कमळ घेऊन येत. ते गेले, आणि पूजेच्या डब्यात त्यांच्या हातचे शेवटचे कमळ तेवढे राहिले. दर वर्षी आम्ही तेच हलकेच बाहेर काढतो.

गेल्या दिवाळीत नात म्हणाली, "आजोबा, असंच दुसरं करून दाखवा ना!" मी पाच-सहा कागद चुरगळले. होडीपलीकडे माझी मजल जाईना. उपाय एकच उरला, दादांचे कमळ उलगडून पाहायचे. ते ऐकताच आमच्या सौभाग्यवती कडाडल्या, "मोडलं तर? दादांच्या हातचं एवढंच तर उरलंय!"

मी थबकलो. आणि वाचक हो, त्या आठवड्यात मी घडीकामाविषयी मिळेल ते वाचून काढले. वाचता वाचता मला माझीच लाज वाटू लागली.

अकीरा योशिझावा नावाचे एक जपानी गृहस्थ १९११ साली जन्मले. तरुणपणी ते लोखंडाच्या ओतशाळेत कामाला होते. आमच्या जालन्याला आज लोखंडी सळयांचे कारखाने आहेत, म्हणून मला ही गोष्ट विशेष भावली. तिथल्या उमेदवारांना भूमिती समजावी म्हणून ते कागदाच्या घड्या घालून दाखवीत. पुढे त्यांनी सारे आयुष्य याच कलेला वाहिले. १९५४ साली त्यांचे पुस्तक निघाले. त्यात घडी कागदावर कशी लिहावी याची खूण होती : तुटक रेघ म्हणजे इथे दुमडा, बाण म्हणजे इकडे वळवा. गाणाऱ्याला स्वरलिपी मिळावी तसे हे झाले. तोवर घडी एका हातातून दुसऱ्या हातात जाई, आणि हात थांबला की संपे. आता भाषा न येणाऱ्यालाही ती वाचता येऊ लागली.

मग देशोदेशी मंडळे निघाली. लिलियन ओपनहायमर या बाईंनी १९५८ साली न्यूयॉर्कमध्ये केंद्र काढले, १९६७ साली ब्रिटनमध्ये संस्था झाली, १९७३ साली जपानमध्ये राष्ट्रीय संघ स्थापन झाला. हा जपानी संघ मासिक चालवतो, आकृत्या छापतो, शिक्षक तयार करतो. लिलियनबाईंच्या २४ ऑक्टोबर या जन्मदिवसापासून ११ नोव्हेंबरपर्यंत जगभर ओरिगामीचे दिवस पाळतात. म्हणजे बहुधा आपल्या दिवाळीच्या आगेमागेच!

आणि आपण? मद्रासच्या टी. सुंदर राव यांनी १८९३ सालीच घड्यांतून भूमिती शिकवणारे इंग्रजी पुस्तक लिहिले. जर्मन गणिती फेलिक्स क्लाइन यांनी त्याची दखल घेतली आणि १९०१ साली ते शिकागोहून पुन्हा निघाले. आमच्याच मराठवाड्यात, दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात, हातकागद करण्याची परंपरा जुनी आहे. महाराष्ट्रात 'ओरिगामी मित्र' या नावाने हौशी मंडळी एकत्र येतात, प्रदर्शने भरवतात. मात्र दवाखान्यांतल्या, वाण्याच्या दुकानांतल्या किती घड्या कोणी न लिहिताच गेल्या असतील, त्याचा हिशेब कोण ठेवणार?

हा विचार आला आणि मी ठरवले. नातीला शेजारी वही-पेन्सिल देऊन बसवले. मी एकेक घडी सोडवायची आणि तिने तुटक रेघा नि बाण काढायचे. सौभाग्यवती पाठ फिरवून करंज्या तळत होत्या. जुना कागद पापडासारखा कडक झाला होता. तिसऱ्या पाकळीपाशी 'टर्र' असा आवाज झाला. स्वयंपाकघरातला झारा थांबला. कोणी काही बोलले नाही. मी पुढे सोडवीत गेलो.

गुपित एवढेच निघाले. चौकोनी पातळ कागदाचे चारही कोपरे मध्यावर आणा. जो लहान चौकोन होईल त्याचेही कोपरे तसेच मध्यावर आणा. आता कागद उलटा करा आणि पुन्हा चारही कोपरे मध्यावर. मग मध्य अंगठ्याने दाबून धरा, आणि मागच्या बाजूची सुटी टोके एकेक करून हलकेच कोपऱ्यांवरून पुढे ओढा. आधी वरची चार, मग त्यांच्या आतली चार. कमळ उमलते! मी चुकत होतो तो उलटा करण्यातच.

पहिले कमळ नातीने केले. ते जरा तिरपे झाले, पण त्यात लाह्या राहिल्या. सौभाग्यवतींनी ते लक्ष्मीपुढे ठेवले आणि दादांचा तो फाटका कागद घडी घालून डब्यात जपून ठेवला. "वही पण दे इकडे," त्या नातीला म्हणाल्या, "तीही डब्यातच राहू दे."

तुमच्याही घरी अशी एखादी घडी कोणाच्या तरी हातात असेल. यंदाच्या दिवाळीत, फराळ झाल्यावर, त्यांच्याजवळ कागद घेऊन बसा. आणि वही विसरू नका.