निखारा, धूर आणि बंद दार

ग्वाल्हेरची थंडी ज्यांनी सोसली आहे, त्यांना पौष-माघातील रात्रीचे वर्णन सांगावयास नको. धुके दाटते, वारे बोचू लागते आणि पारा कित्येकदा ५ अंशांच्याही खाली उतरतो. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी येथे स्थिरावली व तिचेच पुढे ‘लष्कर’ झाले. त्या लष्करातील जुन्या मराठी घरांनी हिवाळ्यासाठी पिढ्यान् पिढ्या दोन अग्नी सांभाळले : न्हाणीघरातील बंब आणि माजघरातील शेगडी, म्हणजेच येथल्या बोलीतील सिगडी.

बंब हा खरे पाहता छोटेखानी बॉयलरच होय. मधल्या नळीत कोळसा किंवा लाकडाच्या ढलप्या पेटवायच्या. खालच्या जाळीतून हवा आत येते, धूर नळीवाटे वर जातो आणि भोवतालच्या तांब्याच्या पोटातील पाणी तापते. थंड देशांत घरे उबदार ठेवणारे कोळशाचे व लाकडाचे बॉयलर याच तत्त्वावर चालतात. तेथे तापलेले पाणी नळांवाटे खोल्याखोल्यांत फिरते आणि धूर धुरांड्यातून छपराबाहेर जातो. त्या घराचे प्राण त्या धुरांड्यात असतात. फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला यांचा १९०२ च्या सप्टेंबरात पॅरिसमधील राहत्या घरी मृत्यू झाला, तो शयनगृहातील कोळशाच्या आगटीचे धुरांडे तुंबल्यामुळे. त्याच खोलीत झोपलेल्या त्यांच्या पत्नी मात्र सुदैवाने वाचल्या.

आपल्या शेगडीला तर धुरांडेच नाही. तिच्यासाठी घरातील वडीलधाऱ्यांनी एक नियम घालून दिला होता. शेगडी अंगणात पेटवावी, धूर पुरता निघून जाऊ द्यावा आणि निखारे फुलले म्हणजे मग ती आत आणावी. नियम शहाणपणाचा, पण अर्धाच. धुराने डोळे चुरचुरतात, खोकला येतो, माणूस उठून दार उघडतो. धूर हा एका परीने घराचा राखणदार असतो. तो निघून गेल्यावर जे उरते, त्याला रंग नाही की गंध नाही.

शेगडीच्या तळाशी कोळसा जळून कार्बन डायऑक्साइड तयार होतो. वरच्या लालबुंद थरातून जाताना तो आणखी कार्बन घेतो व त्याचा कार्बन मोनॉक्साइड बनतो. निखाऱ्यांवर नाचणाऱ्या निळसर ज्वाळा म्हणजे हाच वायू जळत असल्याची खूण. ज्वाळा मावळून निखाऱ्यांवर राख धरली, की तो न जळताच खोलीत पसरू लागतो. आपण म्हणतो, ‘शेगडी आता निवत आली,’ आणि नेमके तेव्हाच दार लावून, फटींत चिंध्या कोंबून झोपी जातो.

या वायूची हिमोग्लोबिनशी जवळीक ऑक्सिजनच्या २०० पटींहून अधिक, हे आपण पहिल्या-दुसऱ्या वर्षातच शिकलो. परंतु पहाटे दवाखान्यात येणारा रुग्ण ते सांगत नाही. तो डोके दुखते, मळमळते, गरगरते एवढेच सांगतो. आणि थंडीताप किंवा रात्रीचे जेवण बाधले, असे निदान सहज होऊन जाते. पुस्तकातील चेरीसारखी लाली जिवंत रुग्णात क्वचितच दिसते. बोटाला लावलेला पल्स ऑक्सिमीटरही फसवतो, कारण कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनयुक्तच भासते. आकडा ९८ दिसतो आणि रुग्ण पुन्हा त्याच खोलीत झोपावयास जातो.

म्हणून थंडीच्या दिवसांत तीन प्रश्न विचारण्याची सवय आपण लावून घ्यावी. खोलीत रात्री शेगडी होती का? घरातील आणखी कोणाला असाच त्रास झाला का? बाहेरच्या हवेत आल्यावर बरे वाटले का? उत्तरे होकारार्थी असतील, तर रक्ततपासणीची वाट न पाहता शुद्ध ऑक्सिजन सुरू करावा. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा होण्यास चार-पाच तास लागतात. शुद्ध ऑक्सिजनवर तोच अवधी तास-दीड तासावर येतो. बरे वाटून घरी गेलेल्या रुग्णात काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी विस्मरण, स्वभावातील बदल, चालण्यातील अडखळ दिसू शकते, याची कल्पना नातेवाइकांना अवश्य द्यावी.

सर्वांत जपावयाची ती बाळंतिणीची खोली. वारा लागू नये म्हणून दारे-खिडक्या बंद, बाजेखाली शेक, शेजारी ओव्या-शेपांची धुरी आणि कुशीत चार दिवसांचे बाळ. शेकामागील माया खोटी नाही. ती मोडून काढण्याची गरजही नाही. आजीबाईंना एवढेच सांगावे, की शेक झाला म्हणजे शेगडी खोलीबाहेर न्यावी आणि शेक चालू असताना समोरासमोरच्या दोन खिडक्या चार बोटे उघड्या ठेवाव्यात. कारण समजले, की त्या ऐकतात.

बंब आता बहुतेक घरांतून माळ्यावर गेला आहे. काही घरांत त्याची जागा गॅस गिझरने घेतली आणि तोही अनेकदा वायुवीजन नसलेल्या चिंचोळ्या न्हाणीघरात बसविला जातो. इंधन बदलले, तरी नियम तोच. जेथे ज्योत आहे, तेथे हवा आत येण्याची आणि बाहेर जाण्याची वाट मोकळी हवी. पूर्वजांनी सांगितलेला अर्धा नियम पुरा करणे आपल्या हाती आहे : धूर गेल्यावर शेगडी आत आणावी, आणि झोपण्यापूर्वी ती पुन्हा अंगणात ठेवावी.