पेशीची किल्ली

बोट कापलें तर थोड्याच दिवसांत जखम भरून येते, हें आपण सर्वांनीं अनुभविलें आहे. एका पेशीच्या दोन होतात, म्हणून असें घडतें. परंतु दुभंगावयाची वेळ झाली, हें पेशीस कोण सांगतें? तें काम मुख्यतः सीडीके-१ हें प्रथिन करितें. सायक्लिन नांवाचा सोबती येऊन मिळाला म्हणजे तें जागें होतें. सोबती नष्ट होतांच पुन्हां निजतें.

१९८७ सालीं लंडनमध्यें पॉल नर्स व मेलॅनी ली यांनीं एक नवल दाखविलें. ज्या यीस्टच्या पेशींत हें प्रथिन बिघडलें होतें, त्यांत मनुष्याचें जनुक घालतांच त्या पुन्हां दुभंगूं लागल्या!

मानवी पेशींतून हें प्रथिन फार थोडें मिळतें. म्हणून त्याचें जनुक कीटकांच्या पेशींत बसवून, त्यांजकडून तें तयार करवितात व शुद्ध करितात. आमच्या वाचकांनीं ध्यानांत ठेवावें कीं, तें औषध नव्हे. प्रयोगाचें साधन होय. कर्करोगांत पेशी बेलगाम दुभंगतात. कोणतें द्रव्य त्यांस लगाम घालील, हें आधीं अशा प्रथिनांवर नळींत पारखतात. रोग्याची पाळी त्यानंतर येते. हा धीर आम्हां सर्वांस शिकण्याजोगा आहे.