जबानी आणि पंचनामा

लेखांक चौथा

गेल्या आठवड्यात प्रश्नावलीच्या गुणदोषांची चर्चा करताना, माणूस आपल्या कामाविषयी जे सांगतो आणि काम करताना प्रत्यक्ष जे करतो त्यांत बरेच अंतर असते, एवढे म्हणून मी थांबलो होतो. आपल्या मुलकी कारभाराला हा भेद फार पूर्वीपासून ठाऊक आहे. कचेरीत बोलावून, समोर बसवून लिहून घेतात ती जबानी. आणि जागेवर जाऊन, दिसेल ते दिसेल तसे टिपतात तो पंचनामा. जबानी देणारा खोटे बोलतो असे मुळीच नाही. परंतु चावडीत बसून सांगणाऱ्याला बांध जेथे फुटल्याचे आठवते आणि बांधावर उभे राहिल्यावर तो जेथे फुटलेला दिसतो, त्या दोन जागा एकच असतात असे कोणताही मुरलेला अव्वल कारकून म्हणणार नाही.

जन्मभर भाकऱ्या थापलेल्या एखाद्या आजीला कृती विचारावी, तर "पीठ घ्यायचं, पाणी घालायचं, मळायचं नि थापायचं, त्यात काय सांगायचंय?" एवढ्यावर प्रकरण मिटते. तिच्या चुलीशी जाऊन बसणाराला मात्र दिसते, की डब्यात हात घालताच तिने पीठ चिमटीत धरून पाहिले आणि त्याची विरी गेली आहे असे जाणवताच, चकार शब्द न काढता, पाणी तापत ठेवले. "आज गरम पाणी का?" हा प्रश्न तेव्हाच्या तेव्हा केला तर त्याला उत्तर आहे; संध्याकाळी केला तर पाणी तापवल्याचेच तिला स्मरणार नाही.

यंत्रांच्या जगातला यासंबंधीचा सर्वांत उद्बोधक दाखला झेरॉक्स कंपनीचा आहे, जिचे नाव आपण तहसील कचेरीसमोरच्या टपऱ्यांवर सामान्यनाम करून टाकले आहे. या कंपनीने १९७० साली कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे एक संशोधन केंद्र काढले, आणि बर्कली येथील विद्यापीठात मानववंशशास्त्राचे अध्ययन करणाऱ्या लूसी सचमन या विदुषी १९७९ साली तेथे दाखल झाल्या. पुढे थोड्याच वर्षांत कंपनीने बाजारात आणलेल्या एका मोठ्या, बहुगुणी यंत्राविषयी, ते वापरण्यास फार अवघड आहे, अशी गिऱ्हाइकांची ओरड सुरू झाली. सचमनबाईंनी गिऱ्हाइकांच्या जबान्या गोळा करण्यावर न थांबता ते यंत्रच केंद्रात आणवले, त्यावर कॅमेरा रोखला आणि आपल्या सहकाऱ्यांना दोघादोघांच्या जोडीने प्रती काढावयास सांगितले. जोडी कशासाठी, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. एकटा माणूस अडला की मनातल्या मनात चरफडतो. दोघे अडले की त्यांना एकमेकांशी बोलणे भाग पडते, आणि जो विचार एरवी कोणाच्याही कानी पडला नसता तो, काहीही न विचारता, आपसूक उच्चारला जातो. त्या चित्रफितींतील एका जोडीत ॲलन न्यूएल होते, ज्यांना संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानले जाणारे ट्युरिंग पारितोषिक १९७५ सालीच मिळाले होते, आणि रॉन कॅप्लन हे नाणावलेले संगणकीय भाषाशास्त्रज्ञ होते. ते दोघेही त्या यंत्रापुढे हतबुद्ध होऊन उभे असलेले दिसतात. 'गिऱ्हाईकच अडाणी' हा कारखानदारांचा ठेवणीतला बचाव तेथे टिकण्यासारखा नव्हता.

पुढे सूचना देणारी एक मदत-यंत्रणा या यंत्राला जोडून सचमनबाईंनी अधिक बारकाईने अभ्यास केला, आणि १९८७ सालच्या आपल्या ग्रंथात तो मांडला. वापरणाऱ्यांच्या कृतींपैकी यंत्राला कळण्याजोग्या कोणत्या आणि न कळण्याजोग्या कोणत्या, हे त्यांनी निरनिराळ्या रकान्यांत नोंदवले, तेव्हा दिसून आले की जोडीतील दोघांची चर्चा, शंका, बोट दाखवून केलेली विचारणा यांतले काहीही यंत्रापर्यंत पोहोचत नव्हते. त्याला कळे ते एवढेच, की अमुक कळ दाबली, तमुक झाकण उघडले. पुस्तकाचे एक पान छापून झाल्यावर पडद्यावर पुन्हा पहिलीच सूचना उमटे. आता ही पुढच्या पानासाठी आहे, की मागचे पान बिघडले म्हणून पुन्हा करावयास सांगितले आहे? माणसे घोटाळत उभी राहत, आणि यंत्राच्या लेखी सर्व काही यथास्थित चाललेले असे.

या अभ्यासामुळेच यंत्रावर मोठी हिरवी कळ आली, अशी आख्यायिका पुढे सर्वत्र पसरली. माझ्या मते तीही एक जबानीच आहे. खुद्द सचमनबाईंनी तिचा इन्कार केला आहे. हिरवी कळ जाहिरातीत आधीपासूनच होती, आणि त्यांचे म्हणणे नेमके उलट होते: कोणतेही नवे यंत्र अंगवळणी पडण्यास कष्ट पडतातच, आणि 'फक्त कळ दाबा' हे आश्वासन त्या कष्टांवर पांघरूण घालते.

काम चालते तेथेच जाऊन पाहण्याच्या या पद्धतीला शिस्तबद्ध रूप देणाऱ्यांत कॅरेन होल्ट्झब्लाट आणि ह्यू बायर यांची नावे प्रमुख असून त्यांचा ग्रंथ १९९८ सालचा आहे. त्यांच्या मते पाहणी करणाऱ्याने तज्ज्ञ म्हणून नव्हे, तर वस्तादापाशी काम शिकणाऱ्या उमेदवारासारखे बसावे. आपल्या भाषेत हा शब्द निवडणुकीपूर्वी दप्तरात नांदत होता. कारकुनाशेजारी बसून, त्याचा हात चालताना पाहून काम उचलणारा तो उमेदवार. त्याने "एरवी तुम्ही काय करता?" असे विचारू नये, "आत्ता हे का केलेत?" असे विचारावे, आणि आपल्याला जे उमगले ते तेथेच बोलून दाखवून त्याची रुजुवात करून घ्यावी.

आपल्याकडे यात एक जास्तीची अडचण आहे. पाहावयास आलेला मनुष्य साहेब ठरतो, टेबल आवरले जाते, चहा येतो, आणि खरे काम चहाचे कप गेल्यावर सुरू होते. एका कचेरीत नव्या संगणक-प्रणालीविषयी मी एका वयस्क कारकुनांशी दीड तास बोललो, आणि सर्व कसे सुरळीत चालले आहे याची टिपणे करून घेतली. निघताना पाऊस लागल्यामुळे मी तेथेच बसून राहिलो. थोड्या वेळाने, खिडकीशी कोणी दाखला मागावयास आले तेव्हा, त्यांनी खण उघडून पुठ्ठ्याची एक वही काढली, जिच्यात कोणत्या कळीनंतर कोणती कळ दाबावी याचा क्रम त्यांनी लाल शाईने पानेच्या पाने लिहून ठेवला होता. वहीचा उल्लेख मघाशी का केला नाहीत, असे मी विचारले.

"ती माझी खासगी वही आहे," ते म्हणाले. "साहेब, तुम्ही तर कॉम्प्युटरबद्दल विचारत होतात."