पलंगपटांचा डेन्मार्क

डेन्मार्कने १९६७ मध्ये अश्लील लेखनावरची बंदी उठवली आणि १९६९ मध्ये चित्रांवरची. असे करणारा तो जगातला पहिला देश. त्याच वर्षी प्रौढांसाठीच्या चित्रपटांची सेन्सॉरशिपही संपली. या मोकळिकीचा फायदा पॅलाडियम या जुन्या चित्रसंस्थेने लगेच उचलला. दिग्दर्शक कार्ल ड्रायरचा गंभीर ‘गर्ट्रूड’ (१९६४) काढणाऱ्या याच संस्थेने १९७० मध्ये जॉन हिल्बार्ड दिग्दर्शित ‘माझुर्का पो सेंगेकांतेन’ हा कामुक विनोदपट आणला. डॅनिश लेखक सोया यांच्या कादंबरीवर तो बेतलेला होता. त्यातला लाजराबुजरा शिक्षक ओले सोल्टोफ्टने रंगवला. पुढे १९७६ पर्यंत या ‘पो सेंगेकांतेन’ म्हणजे ‘पलंगाच्या कडेवर’ मालिकेचे एकूण आठ चित्रपट निघाले.

या चित्रपटांचा साचा फार्सचा: गैरसमज, धावपळ, ढोंगी प्रतिष्ठितांची फजिती. नट मुख्य प्रवाहातले, त्यामुळे प्रेक्षकही सर्वसामान्य. १९७३ ते १९७८ दरम्यानच्या, शीर्षकात राशीचे नाव असलेल्या सहा ‘राशी’पटांनी मात्र उघड संभोगदृश्येच विनोदी कथेत मिसळली.

बंदी उठली, पण पुरुषी नजर तीच राहिली. या चित्रपटांतली मुक्तता बहुधा पुरुषाच्या सोयीची होती.